एका पिंपासाठी किती पिंपं जाळायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तेल दिवसेंदिवस जास्त खोलातून, जास्त अवघड जागेतून काढावं लागतंय. कधीतरी एक पिंप तेल काढायला एका पिंपाइतकीच ऊर्जा खर्च होईल. त्या दिवशी उपसा आपोआप थांबेल का? आणि तो दिवस किती लांब आहे?

माझी तीसेक वर्षं तेलक्षेत्रांच्या उत्पादन विभागात गेली. विहिरी सुरू केल्या, त्याहून जास्त बंद केल्या. ऊर्जेचा हिशेब एकास एक झाला म्हणून विहिरी बंद केल्याचं मला एकदाच आठवतं, ते पुढे सांगतो. एरवी बंद करण्याच्या कागदावर कारण दुसरंच असायचं: पाणी फार येतंय, केसिंगला, म्हणजे विहिरीच्या पोलादी अस्तराला, भोक पडलंय, पंप जळलाय आणि नवा टाकणं परवडत नाही. पण त्या कारणांची सालं काढत गेलं की आत बहुतेक वेळा ऊर्जाच सापडते, विजेच्या बिलाचा वेश घेतलेली. त्यामुळे माझं उत्तर असं: एकास एक ही रेघ खरी आहे, पण विहिरी तिच्या बऱ्याच अलीकडे थांबतात. आणि काही ठिकाणी ती रेघ ओलांडूनही उपसा चालू राहू शकतो, त्यात वेडेपणा काही नसतो. हे दोन्ही कसं, ते नीट सांगायला जरा जागा लागेल.

या गुणोत्तराला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ईआरओआय’ म्हणतात. मी सोयीसाठी ‘ऊर्जा परतावा’ म्हणतो. मिळालेली ऊर्जा भागिले ती मिळवायला घातलेली ऊर्जा. गंमत म्हणजे ही कल्पना तेलवाल्यांच्या डोक्यातून आलेली नाही, माशांच्या अभ्यासातून आली आहे. चार्ल्स हॉल हे अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञ. हॉवर्ड ओडम यांच्या हाताखाली त्यांनी ओढ्यातल्या माशांच्या स्थलांतरावर काम केलं. मासा प्रवाहाविरुद्ध वर चढतो, त्यात त्याची शक्ती जाते. ती भरून निघून वर काही उरेल इतकं खाणं तिकडे मिळत असेल, तरच ही उठाठेव त्याला परवडते. हॉल आणि कटलर क्लीव्हलँड यांनी १९८१ साली हाच हिशेब अमेरिकेतल्या तेलाच्या खोदाईला लावला. खोदाईचा जोर वाढवला की खोदलेल्या प्रत्येक फुटामागे हाती लागणारं तेल कमी होतं, असं त्यांना दिसलं.

पुढच्या हिशेबासाठी एकच आकडा डोक्यात ठेवा. एका पिंपात १५९ लिटर कच्चं तेल असतं आणि ते जाळलं तर साधारण १७०० युनिट उष्णता मिळते. युनिट म्हणजे विजेच्या मीटरवरचंच युनिट, किलोवॅट-तास.

आता सुरुवातीचं तेल इतकं स्वस्तात का मिळालं ते बघू. १० जानेवारी १९०१ रोजी टेक्सासमधल्या स्पिंडलटॉपला विहीर फुटली. खोली जेमतेम साडेतीनशे मीटर. दिवसाला सुमारे एक लाख पिंपं तेल आभाळात उडत होतं आणि नऊ दिवस ते कोणाला आवरलं नाही. एका दिवसाचे झाले १७ कोटी युनिट. त्यापुढे खोदाईला लागलेलं इंधन हिशेबात धरावं इतकंही नव्हतं. तेल वर आणायचं काम खडकातल्या दाबानंच केलं. हा दाब म्हणजे साठ्याबरोबर मिळालेलं आंदण. उपसा सुरू झाला की तो उतरायला लागतो, आणि उतरलेल्या प्रत्येक बारची (बार हे दाबाचं एकक) भरपाई आपल्याला पंपानं, कॉम्प्रेसरनं, बाहेरून पाणी किंवा वायू दाबून करावी लागते. ऊर्जा परतावा घसरतो म्हणजे प्रत्यक्षात मुख्यतः हेच होतं. तेल ‘खोल’ असणं त्या मानानं किरकोळ आहे. दोन किलोमीटर खोलीची विहीर आपल्या दाबानं वाहत असेल तर तिला वर्षानुवर्षं चिमूटभर वीजही लागत नाही.

विहिरीला खरी धाप लावतं ते पाणी.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो दचकतो: जुन्या तेलविहिरी मुख्यतः पाण्याच्या विहिरी असतात. जगाची सरासरी काढली तर तेलाच्या एका पिंपामागे तीनचार पिंपं पाणी वर येतं. जुन्या क्षेत्रात हे प्रमाण कुठल्या कुठे जातं. विहिरीच्या तोंडाशी नमुना घ्यायचा छोटा कॉक असतो. तो उघडून बाटली भरायची, प्रयोगशाळेत सेंट्रिफ्यूजच्या १०० मिलीच्या निमुळत्या नळीत ओतून फिरवायची. थांबली की बघायचं: खाली सगळं पाणी आणि वर तपकिरी रंगाची पातळ टोपी. टोपी दोन मिलीची असेल तर पाण्याचं प्रमाण ९८ टक्के. आमच्या भाषेत वॉटर कट अठ्ठ्याण्णव. नळी डोळ्यासमोर धरून रेघ वाचताना अर्ध्या मिलीची चूक कुणाचीही होते. तरुण विहिरीत या चुकीला काही अर्थ नसतो. पण टोपी एक मिलीची आहे की दीड मिलीची, यावर त्या विहिरीचं तेल दीडपट होतं किंवा दोन तृतीयांश उरतं. म्हाताऱ्या विहिरींची भवितव्यं अशा अर्ध्या मिलीवर ठरताना मी पाहिली आहेत.

ऊर्जेचा हिशेब इथेच हातानं करून बघू. समजा विहिरीत द्रवाची पातळी जमिनीखाली एक किलोमीटरवर आहे. पाण्याचं एक पिंप म्हणजे १५९ किलो. ते एक किलोमीटर उचलायला शुद्ध भौतिकशास्त्राप्रमाणे ०.४३ युनिट लागतं. पण पंप, मोटर, खाली गेलेली लांब केबल, नळीतलं घर्षण हे सगळं धरून आपण शंभरातले चाळीसच कामी लावतो, म्हणजे एका युनिटहून थोडं जास्त गेलं. वर आलेलं पाणी स्वच्छ करून पुन्हा साठ्यात दाबायचं, नाहीतर दाब पडतो आणि इतकं खारं पाणी टाकणार तरी कुठे! दीडशे बार दाबानं ते आत घालायला पंपाची कार्यक्षमता धरून आणखी जवळपास एक युनिट. म्हणजे विहिरीतून फिरलेल्या प्रत्येक पिंपामागे, ते तेल असो वा पाणी, ढोबळ दोन युनिट वीज.

निम्मं पाणी असेल तर तेलाच्या एका पिंपासाठी दोन पिंपं द्रव उचलायचा: चार युनिट. १७०० पुढे चार म्हणजे चिल्लर. ९० टक्के पाणी झालं की दहा पिंपं, वीस युनिट. ९५ ला चाळीस. ९८ ला शंभर. ९९ ला दोनशे. साडेनव्याण्णवला चारशे. आणि ही वीज आहे, तेलाचे १७०० युनिट मात्र उष्णतेचे आहेत. क्षेत्रावरच्या गॅस टर्बाइनमध्ये एक युनिट वीज करायला साधारण तीन युनिट वायू जळतो, म्हणून खर्चाला तीननं गुणलं पाहिजे. मग परतावा असा निघतो: निम्म्या पाण्याला १४० च्या आसपास, ९० टक्क्यांना २८, ९५ ला १४, ९८ ला साडेपाचच्या वर, ९९ ला तीनच्या जरा खाली, साडेनव्याण्णवला १.४. एकास एकची रेघ येते ९९.६ आणि ९९.७ च्या मध्ये कुठेतरी.

या रांगेकडे जरा निवांत बघा. पाणी शून्यावरून नव्वदवर जाईपर्यंत, म्हणजे विहिरीच्या आयुष्यातली पुष्कळ वर्षं, ऊर्जेच्या अंगानं काहीही घडत नाही. वीसेक युनिटांचा खेळ. मग शेवटच्या दहा टक्क्यांत सगळं घडतं, आणि त्यातलंही बरंचसं शेवटच्या दोन टक्क्यांत. आकृती काढली तर आडवी चाललेली रेघ एकदम कड्यावरून खाली जाते. ऊर्जा परताव्याचे अभ्यासक याला ‘नेट एनर्जी क्लिफ’ म्हणतात. परतावा पन्नास असेल तर मिळालेल्या ऊर्जेतली ९८ टक्के समाजाच्या हाती पडते. वीस असेल तर ९५, दहा असेल तर ९०. पन्नासवरून दहावर आलं तरी हाती पडणारा वाटा जेमतेम आठ टक्क्यांनी घटतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पुढे पाचला ८०, तीनला ६७, दोनला ५० आणि १.१ ला फक्त ९ टक्के. ‘परतावा निम्मा झाला’ या वाक्याला म्हणूनच स्वतःचा असा काही अर्थ नसतो. शंभरचा पन्नास झाला तर शांत झोपा. चारचा दोन झाला तर विहीर गेली.

विहीर प्रत्यक्षात कुठे थांबते? माझ्या अनुभवात अशी पाण्यानं भरलेली विहीर ९८ ते ९९ च्या दरम्यान कधीतरी हात टेकते, म्हणजे परतावा सहा ते तीनच्या मध्ये असताना. कारण वीज एकटी येत नाही. शंभर पिंपं पाणी फिरवायचं म्हणजे तेवढं मोठं सेपरेटर (तेल आणि पाणी वेगळं करणारं भांडं), तेवढी गंजविरोधी रसायनं, नळीत साचणारा क्षार काढायला ॲसिड, पाण्यातले जंतू मारायला औषध. ईएसपी म्हणजे विहिरीत सोडलेला विजेचा पंप दोनचार वर्षांत जातो, मग तो उपसायला रिग, म्हणजे विहिरीवर उभं करायचं मोठं यंत्र, आणायचा. या सगळ्याच्या पोटात ऊर्जा आहेच, पण ती कुठेतरी दूरच्या पोलाद कारखान्यात, रसायनांच्या कारखान्यात आधीच जळून गेलेली असते आणि आमच्यापर्यंत फक्त किंमत पोहोचते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, हे आधी हिशेबनिसाला कळतं, भौतिकशास्त्रज्ञाला नंतर.

इथे एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: तेलाचा भाव चढला की सगळं परवडायला लागेल. थोडं खरं आहे. पण परतावा पाच असलेल्या विहिरीत भाव वाढला तर त्या वाढीचा पाचवा हिस्सा तिच्या स्वतःच्या इंधनाच्या किमतीत जाण्याची शक्यता असते, कारण वायू, डिझेल, वीज, पोलाद हे सगळे तेलाच्या मागोमाग कमीजास्त चढतात. परतावा दोन असेल तर निम्मी वाढ तिथेच मुरते. भावाच्या शिडीवरून चढत कितीही वर गेलं तरी १.१ परताव्याची विहीर जवळपास तिथल्या तिथे राहते. तेल कंपन्यांच्या सादरीकरणांत ‘इतक्या भावाला हा साठा परवडतो’ असे तक्ते असतात. त्यात इंधनाचा खर्च गोठवलेला आहे का, ते मी आधी शोधतो. अनेकदा गोठवलेला असतो.

आता वाफेकडे. घट्ट तेलाच्या क्षेत्रांत हाच हिशेब वेगळ्या वेशात भेटतो आणि तिथे तो लपवताच येत नाही. कॅलिफोर्नियातलं कर्न रिव्हर क्षेत्र १८९९ साली सापडलं. तेल इतकं दाट की खडकातून सरकेना. १९६० च्या दशकात तिथे वाफ सोडायला सुरुवात झाली आणि म्हातारं क्षेत्र पुन्हा तरुण झालं. कॅनडातल्या अल्बर्टामधलं बिट्युमेन, म्हणजे डांबरासारखं तेल, तर थंडीत दगडासारखं. तिथे दोन आडव्या विहिरी एकीवर एक, पाचेक मीटर अंतरानं खोदतात. वरच्या विहिरीतून वाफ, खालच्या विहिरीत पातळ होऊन ठिबकलेलं तेल. ही रॉजर बटलर यांची पद्धत. (त्याआधी, १९५८ साली, याच भागात जमिनीखाली अणुस्फोट करून बिट्युमेन वितळवायचा प्रस्ताव एका अमेरिकी तेल कंपनीकडून आला होता. काही वर्षं त्यावर गंभीरपणे चर्चा झाली आणि मग तो गुंडाळला गेला. ऊर्जा परतावा बहुधा उत्तम आला असता.)

वाफेच्या क्षेत्रात सकाळी पहिला आकडा विचारतात तो वाफ-तेल प्रमाणाचा: एक पिंप तेलामागे किती पिंपं पाण्याची वाफ केली. एका पिंप पाण्याची दाबाखाली वाफ करायला बॉयलरचं नुकसान धरून सव्वाशे ते दीडशे युनिट उष्णता जाते. प्रमाण तीन असेल तर सुमारे चारशे युनिट, परतावा चारच्या आसपास. सहा असेल तर दोन. बाराला एकास एक. परत येणाऱ्या गरम पाण्यातली उष्णता वापरली तर हिशेब थोडा सुधारतो. अडीचच्या आत राहणारं क्षेत्र चांगलं, चारपाचच्या वर गेलेलं अडचणीतलं, आणि सहासात झाल्यावर तिथे कोणी फार काळ टिकत नाही. म्हणजे वाफेच्या क्षेत्रांचं संपूर्ण आयुष्य पाच ते दोन या पट्ट्यात जातं. पाण्याच्या विहिरीला ज्या टप्प्यावर आम्ही मरणपंथाला लागलेली म्हणतो, तिथे ही क्षेत्रं जन्माला येतात आणि तरी अनेक वर्षं नफ्यात चालतात.

हे कसं? कारण युनिट आणि युनिट सारखं नसतं. बॉयलरमध्ये जातो तो वायू, बाहेर येतं ते तेल. वायू साठवायला अवघड, वाहून न्यायला नळ लागतो. तेल टाकीत बसतं, ट्रकमध्ये चालतं, विमानात उडतं. माणसं या रूपांतरासाठी ऊर्जा सोडायला तयार असतात. औष्णिक वीज केंद्र बघा: कोळशाची तीन युनिट आत, विजेचं एक बाहेर. नुसत्या उष्णतेच्या तराजूत हा धडधडीत तोटा आहे, पण वीज केंद्राला कोणी मूर्ख म्हणत नाही.

म्हणूनच सुरुवातीला म्हटलं की एकास एकची रेघ ओलांडूनही उपसा चालू शकतो. त्यासाठी आत जाणारी ऊर्जा अशी हवी की जिला दुसरीकडे गिऱ्हाईक नाही. अलास्कातल्या प्रुडो बे क्षेत्रात १९७७ पासून उत्पादन चालू आहे. तेलाबरोबर प्रचंड वायू येतो, पण तो बाजारापर्यंत न्यायला नळच नाही. मग त्यातलाच थोडा टर्बाइनमध्ये जाळायचा आणि उरलेला त्या टर्बाइनांच्या जोरावर परत साठ्यात दाबायचा. दाब टिकतो, तेल निघत राहतं. जाळलेला वायू ऊर्जा म्हणून मोजला तर आकडा मोठा, पण त्या जागी त्याला दुसरा उपयोग नव्हता. ओमानच्या अमल क्षेत्रात काचेच्या घरांत आरसे बसवून सूर्याच्या उष्णतेनं काही वाफ करतात. त्या वाफेपुरतं बोलायचं तर वाफ-तेल प्रमाण कितीही वाईट झालं तरी जळणारं इंधन शून्य. भरायचा तो आरशांचा, काचेचा, पोलादाचा ऊर्जाखर्च. माझ्या पाण्याच्या विहिरीलाही हेच लागू. तिची दोनशे युनिट वीज गॅस टर्बाइनऐवजी धरणातून किंवा पवनचक्कीतून आली तर ९९ टक्के पाण्यालाही परतावा तीनवरून साडेआठवर जातो. विहीर तीच, पाणी तेच, बाटलीतली टोपी तेवढीच.

उलट बाजूचं उदाहरण कोलोरॅडोतलं. तिथल्या खडकात केरोजेन आहे, म्हणजे अजून तेल न झालेला सेंद्रिय पदार्थ. निसर्गाला जे करायला लाखो वर्षं आणि खोली लागते ते शेल या तेल कंपनीनं विजेचे हीटर जमिनीत सोडून काही वर्षांत करून बघितलं. खडक साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवायचा, वर्षानुवर्षं तापवत ठेवायचा, आणि भूजल आत येऊ नये म्हणून भोवती जमीन गोठवून बर्फाची भिंत उभी करायची. मधे भट्टी, भोवती फ्रीज! तेल निघालं, चांगल्या प्रतीचं निघालं. पण उष्णतेसाठी सगळ्यांत महागडी ऊर्जा वापरायची आणि तेवढी वीज करायला मुळात दुसरं इंधन जाळायचं, हे गणित उत्पादनापर्यंत गेलं नाही. २०१३ साली शेलनं तो प्रकल्प सोडला. परतावा एकच्या वर असूनही.

मग किमान किती हवा? हॉल आणि सहकाऱ्यांनी २००९ साली यावर एक अंदाज मांडला: विहिरीच्या तोंडाशी तीनास एक. त्यांचा तर्क असा की कच्चं तेल कोणी पीत नाही. ते शुद्ध करायचं, पोहोचवायचं, आणि ते वापरणारा ट्रक, रस्ता, पूल यांचाही ऊर्जाखर्च त्याच तेलानं भरायचा. एवढं करून ट्रक चालता ठेवायला तीन लागतात, त्यात शाळा, दवाखाने, कला यांचा वाटा नाही. तीन हा आकडा दगडावरची रेघ नव्हे, पण विचाराची दिशा मला मान्य आहे. एकट्या शुद्धीकरणातच तेलातल्या ऊर्जेचा ढोबळ दहावा हिस्सा जातो, म्हणजे विहिरीवर १.१ परतावा असलेलं तेल पेट्रोल होईपर्यंत तोट्यात गेलेलं असतं.

यातूनच आकड्यांच्या भांडणांचं मूळ कळतं. सीमा कुठे आखायची? विहिरीच्या तोंडाशी, रिफायनरीच्या दारात, की गाडीच्या टाकीत? क्षेत्रानं स्वतःचाच वायू जाळला तर तो खर्च धरायचा की ‘बाहेरून काही घेतलं नाही’ म्हणून सोडायचा? दोन्ही पद्धती रूढ आहेत आणि एकाच क्षेत्राला दोन्ही लावल्या तर उत्तरांत कित्येक पटींचा फरक पडतो. जगभरच्या तेल आणि वायूसाठी हॉल यांच्या गटानं १९९२ साठी २६, १९९९ साठी ३५ आणि २००६ साठी १८ असे अंदाज दिले. हे आकडे लोक पाठ म्हणतात. पण कंपन्या ऊर्जेचा जमाखर्च क्वचितच छापतात, पैशांचा छापतात. मग पैशांवरून ऊर्जेचा अंदाज करावा लागतो. तेजीत रिगचं भाडं तिप्पट झालं म्हणून रिग तिप्पट डिझेल पीत नाही. त्यामुळे या आकड्यांचा कल मी मानतो, दुसऱ्या अंकावर मात्र पैज लावणार नाही. एकेका क्षेत्राचा प्रत्यक्ष वायू, पाणी, वाफ मोजून केलेला हिशेब मला जास्त विश्वासाचा वाटतो. कँटारेल, फोर्टीज, मिडवे-सनसेट, प्रुडो बे आणि विल्मिंग्टन या पाच प्रचंड क्षेत्रांचा तसा अभ्यास झाला आहे. पाचही ठिकाणी परतावा काळाबरोबर घसरत गेलेला दिसतो.

कँटारेलचा किस्सा मुद्दाम सांगतो, कारण त्यात एक गोष्ट फार स्वच्छ दिसते. मेक्सिकोच्या समुद्रातलं हे क्षेत्र. दाब उतरला म्हणून २००० साली तिथे नायट्रोजन दाबायला सुरुवात झाली. हवेतून नायट्रोजन वेगळा करायचा जगातला त्या वेळचा सर्वांत मोठा कारखाना, दिवसाला शंभर कोटी घनफुटांहून जास्त. उत्पादन २००४ च्या सुमारास दिवसाला २१ लाख पिंपांवर गेलं आणि पुढच्या पाच वर्षांत तिसऱ्या हिश्श्यावर आलं. पण हवा थंड करून वेगळी करणारं यंत्र आणि तो वायू दाबणारे कॉम्प्रेसर हे तेलाच्या प्रमाणात लहान होत नाहीत. क्षेत्राची ऊर्जेची भूक बरीचशी ठरलेली असते: पाणी दाबणारे पंप, वायूचे कॉम्प्रेसर, प्लॅटफॉर्मवरचे दिवे, गरम करणाऱ्या भट्ट्या. तेल निम्मं झालं म्हणून ती निम्मी होत नाही.

आणि याची दुसरी बाजू, जी लेखांमध्ये सापडत नाही. क्षेत्राचा परतावा ही सरासरी असते, आणि सरासरीच्या पदराआड काही विहिरी बिनबोभाट तोट्यात चालतात. एका जुन्या क्षेत्रावर आमची वीज एकाच मोठ्या मीटरवरून मोजली जायची. कोणती विहीर किती खाते, कुणालाच माहीत नव्हतं. परतावा सगळ्यांचा मिळून दहाच्या वर, सगळे खूश. मग कधीतरी प्रत्येक पंपाच्या पॅनेलवरचे ॲम्पिअर एका तरुण सहकाऱ्यानं वहीत उतरवले आणि शेजारी नमुन्याच्या नळीतले आकडे लिहिले. त्या रात्री आम्ही दोघं वही घेऊन बसलो. पाच विहिरी अशा निघाल्या की त्यांचं तेल त्यांच्याच विजेसाठी जळणाऱ्या वायूलाही पुरत नव्हतं. वर्षानुवर्षं! त्या एकास एकच्या खाली होत्या आणि कोणताही घंटानाद झाला नाही. बंद केल्यावर क्षेत्राचं तेल जाणवेल इतकंही घटलं नाही, वीज मात्र डोळ्यात भरेल इतकी उतरली आणि क्षेत्राचा परतावा कागदावर सुधारला.

म्हणून ‘तो दिवस कधी’ या प्रश्नाला जगासाठी एक तारीख नाही. रोज कुठेतरी एखादी विहीर तो दिवस ओलांडते आणि दुसरीकडे एखादी नवी विहीर मोठ्या परताव्यानं सुरू होते. शेल नावाच्या खडकातल्या विहिरी (इथे कंपनी नव्हे) याच गोंधळात भर घालतात. त्यांची बहुतेक ऊर्जा खोदाई आणि फ्रॅकिंगच्या (दाबानं पाणी सोडून खडक फोडण्याच्या) पहिल्या काही आठवड्यांत जाते, आणि पहिल्याच वर्षात उत्पादन निम्म्याहून जास्त घटतं. पहिल्या वर्षी मोजलं तर एक चित्र, पंधरा वर्षांचं धरलं तर दुसरं. जगाच्या पातळीवर दिसेल ते असं: उपसलेल्या तेलाचा आकडा चांगला राहील, पण त्यातला तेल काढण्यातच परत जाणारा वाटा हळूहळू फुगत जाईल. तुम्हाला यावर नजर ठेवायची असेल तर एकूण उत्पादनाच्या बातम्या सोडा. कुठल्याही क्षेत्राचे दोनच आकडे मागा, पाण्याचं प्रमाण किंवा वाफ-तेल प्रमाण, आणि विजेचा उगम. बाकीचं वरच्या हिशेबानं पाठकोऱ्या कागदावर काढता येतं.

त्या पाच विहिरींतल्या एकीचं राहिलं. बंद करून आठ महिने झाले होते. बंद विहिरीभोवतीच्या खडकात पाणी हळूहळू खाली बसतं आणि तेल वर सरकतं, हे पुस्तकात असतं. आम्ही चाचणी म्हणून पंप लावला. नळीत टोपी आली सहा मिलीची. वॉटर कट चौऱ्याण्णव! तीन आठवडे तिनं असं तेल दिलं, मग टोपी पाच मिली, तीन, दोन, आणि दीड महिन्यानं पुन्हा तीच केसाएवढी रेघ. परत बंद केली. तेव्हापासून तिचं वेळापत्रकच ठरलं, आठ महिने झोप, सहा आठवडे काम. क्षेत्राच्या यादीत ती आजही ‘चालू’ या रकान्यात असते.